जुनी पद्मिनी गरम झाली की बंद पडते, घरच्या घरी काय तपासता येईल?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वडिलांची १९८९ची प्रीमियर पद्मिनी सकाळी एका सेल्फला चालू होते, हायवेला छान पळते, पण दुपारी शहरात शिरून चार सिग्नल झाले की बंद. अर्धा तास सावलीत ठेवली की पुन्हा चालू, जणू काही झालंच नाही. एक मेकॅनिक म्हणतो कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) बदला, दुसऱ्याने थेट हाफ इंजिनचं काम, म्हणजे इंजिन उघडून आतली दुरुस्ती सांगितलीय. कोणाचं ऐकावं?

तूर्त कोणाचंच नाही. दोघांनीही गाडी थंड झाल्यावर पाहिली आहे आणि थंड गाडीत दोषच नाही. हा दोष बंद पडल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटंच हजर असतो. आपण सगळे तेव्हा नेमकं काय करतो? बॉनेट उघडतो, बाजूला उभे राहतो, चहा घेतो. पुरावा त्याच चहात जातो. त्यामुळे पुढच्या वेळी गाडी बंद पडली की ढकलत कडेला घ्या, हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा आणि लगेच कामाला लागा. मी व्यवसायाने मेकॅनिक नाही, पण हीच गाडी वापरतो आणि बरीचशी कामं घरीच करतो. त्या अनुभवावरून सांगतो, पार्ट घेण्याआधी एवढंच ठरवायचं असतं: त्या क्षणी करंट, म्हणजे प्लगची ठिणगी गेलीय की पेट्रोल?

डिकीत ठेवायचं सामान फार नाही. प्लग पाना, एक जादाचा चांगला प्लग, स्क्रू ड्रायव्हर, बारा व्होल्टचा बल्ब लावलेला टेस्ट लॅम्प, जाड हातमोजे, सुती फडकं, पाण्याची बाटली आणि छोटा अग्निशामक. शेवटची वस्तू शोभेची नाही. गरम इंजिनावर पेट्रोलची गाडी तपासताना ती हाताशी हवीच. बॉनेट उघडल्यावर कुठे पेट्रोल गळताना दिसलं तर पुढचं काहीही करू नका.

करंट आधी बघा, कारण ठिणगी पाडायची ती पेट्रोलची कुठलीही जागा उघडण्यापूर्वी. एका प्लगची वायर काढून जादाच्या प्लगला लावा, प्लगचा लोखंडी भाग कार्ब्युरेटरपासून लांब, इंजिनाच्या स्वच्छ धातूला टेकवून ठेवा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. वायर हातात धरू नका, आणि ओढणी, सैल बाही, पंख्याचा पट्टा यांची भेट होऊ देऊ नका. चटचट आवाज करणारी निळसर ठिणगी म्हणजे करंट ठीक. पिवळी, मरगळलेली किंवा अजिबात नाही, तर पेट्रोलच्या भानगडीत पडायचंच नाही.

करंट चांगला असेल तर एअर क्लीनर बाजूला करून कार्ब्युरेटरच्या घशात बघा. इंजिन बंद, कोणीही सेल्फ मारायचा नाही. हाताने ॲक्सिलरेटरची लिंक झटकन ओढा. ॲक्सिलरेटर पंप असलेल्या कार्ब्युरेटरमध्ये बारीक नळीतून पेट्रोलची पिचकारी उडायला हवी. उडाली तर फ्लोट चेंबरमध्ये (कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीत) पेट्रोल आहे, नाही उडाली तर बहुधा चेंबर कोरडा पडलाय. एकही पाइप न सोडवता एवढं कळतं.

आता करंट गेलेला निघाला तर. पद्मिनीत पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच) आणि कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा छोटा भाग) आहेत, आणि माझा पहिला संशय कायम कंडेन्सर आणि कॉइलवर (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) असतो. दोन्ही गरम झाल्यावर दगा देतात आणि थंड झाल्यावर साळसूद होतात, म्हणजे तुमच्या गाडीची लक्षणं तंतोतंत. कॉइलच्या ज्या टर्मिनलवरून वायर डिस्ट्रिब्युटरला (प्रत्येक प्लगला पाळीने करंट वाटणारा भाग, गॅरेजच्या भाषेत डेल्को) जाते, तिथे टेस्ट लॅम्पचं टोक लावा, दुसरं टोक बॉडीला. सेल्फ मारताना दिवा लुकलुकला तर पॉइंट उघडझाप करतायत. लुकलुकतोय तरी कॉइलच्या मधल्या वायरला ठिणगी नाही, म्हणजे कॉइल किंवा कंडेन्सर. मधल्या वायरला ठिणगी आहे पण प्लगपर्यंत पोचत नाही, म्हणजे डेल्कोतला फिरता रोटर किंवा वरची कॅप. दिवा सतत पेटलेला राहिला तर पॉइंट मिटत नाहीयेत, त्यांच्यावर काजळी बसलीय किंवा त्यांच्याकडे जाणारी वायर आतून तुटलीय. पेटलाच नाही तर एक तर कॉइलपर्यंत इग्निशनचा सप्लाय येत नाही, नाही तर पॉइंटकडची वायर कुठेतरी बॉडीला लागतेय.

पॉइंटकडच्या या वायरीवर थोडं थांबतो, कारण तिने भल्याभल्यांना फिरवलंय. डेल्कोच्या आत पॉइंटला जाणारी एक छोटी मऊ वायर असते. व्हॅक्यूम ॲडव्हान्समुळे (इंजिनाच्या ओढीवर ठिणगीची वेळ पुढे-मागे करणारी सोय) आतली प्लेट हलते आणि तिच्याबरोबर ही वायरही सतत हलत राहते. वर्षानुवर्षांनी आतले तांब्याचे धागे तुटतात, वरचं आवरण मात्र शाबूत. डोळ्यांना वायर ठणठणीत दिसते. हलकेच ओढून पाहा, रबरासारखी ताणली गेली तर आत तार उरलेली नाही.

कॉइलची गंमत वेगळी. बाजारात दोन जातीच्या कॉइल मिळतात, एक थेट बारा व्होल्टवर चालणारी, दुसरी बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट कमी ठेवणारा वेगळा रोधक) लागणारी. दुसरी जर रेझिस्टरशिवाय बसवली तर गाडी चालते, उलट सुरुवातीला ठिणगी जोरदार वाटते, पण कॉइल भाजून निघते. मल्टिमीटरने दोन छोट्या टर्मिनलमधला रोध मोजा. थेट चालणाऱ्या कॉइलला तो तीन ओहमच्या आसपास असतो, दीडच्या जवळपास आला आणि गाडीत बॅलास्ट नसेल तर गुन्हेगार सापडला. गाडी बंद असताना गाणी ऐकायला इग्निशन चालू ठेवायची सवय असेल तर तीही सोडा, पॉइंट मिटलेले असले की कॉइल उगाच तापत बसते. कंडेन्सर स्वस्त आहे, तो बदलूनच बघावा. पण हल्लीच्या काही नव्या कंडेन्सरपेक्षा जुन्या साठ्यातला मूळ कंपनीचा जास्त टिकतो, हे माझं मत आहे. पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ दिसलं तर कंडेन्सर संपत आलाय असं समजा.

करंट शाबूत आणि पेट्रोल नाही, असं निघालं तर सर्वांत आधी टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा सूं आवाज आला आणि नंतर गाडी चालू झाली, तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय. रुपया खर्च नाही. तसं नसेल तर फडकं भिजवून एसी पंपावर (टाकीतून पेट्रोल ओढणारा, इंजिनावरचा पंप) आणि त्याच्या पाइपवर टाका. ही टॅक्सीवाल्यांची जुनी युक्ती, लोक तिला उपचार समजतात, मी तिला तपासणी समजतो. पाच मिनिटांत पेट्रोल आलं तर पंपात किंवा पाइपात पेट्रोलची वाफ धरत होती. मग प्रश्न उरतो, आताच का धरायला लागली?

याची दोन कारणं बघा. पंप आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये मुळात जाड बेकेलाइटचा तुकडा असतो, इंजिनाची उष्णता पंपात जाऊ नये म्हणून. कधीतरी पंप काढला गेला असेल आणि तो तुकडा हरवून नुसतं कागदी पॅकिंग लागलं असेल तर पंप थेट भट्टीवर बसलाय. त्या तुकड्याच्या जाडीवर पंपाचा स्ट्रोकही ठरतो, म्हणून हाताला येईल ते पॅकिंग चालत नाही. दुसरं कारण पेट्रोल. २०२३ पासून आपल्याकडे टप्प्याटप्प्याने २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल गरम पाइपात वाफ धरायला जास्त तयार असतं, आणि त्या काळातले रबरी पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉलसाठी बनलेलेच नव्हते. ते फुगतात, मऊ पडतात, मग चिरतात. टाकीकडून पंपाकडे येणारा रबरी पाइप चिरला तर पेट्रोल गळेलच असं नाही, कारण तिथे पंप ओढत असतो. तिथून हवा आत जाते आणि आपण कोरडा पाइप बघून तो चांगला आहे म्हणतो. सगळे रबरी पाइप इंजेक्शनच्या गाड्यांना लागणाऱ्या दर्जाचे घ्या आणि क्लिपा नव्या लावा. पंपाच्या पडद्याचं किट मिळतं, ते घरी बसवता येतं. मात्र त्याआधी इंजिन ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी आपोआप वाढली असेल तर पडदा फाटून पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतंय. तशी गाडी एक किलोमीटरही चालवू नका, पडदा आणि ऑइल दोन्ही बदलूनच काढा.

तिसरी शक्यता, करंटही आहे आणि पेट्रोलही. मग बहुतेक पेट्रोल जास्त झालंय. गाडी उभी राहिली की फ्लोट चेंबर तापतो, पेट्रोल उकळून खाली मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीत) उतरतं. प्लग काढलात तर काळा आणि ओला निघेल. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरा, पंप करू नका, आणि सेल्फ मारा. काळा धूर सोडून चालू झाली तर फ्लोटची पातळी आणि निडल व्हॉल्व्ह (चेंबर भरला की पेट्रोल थांबवणारी सुई) बघायचा. आत्ता कुठे, या टप्प्यावर, कार्ब्युरेटरचं नाव घ्यायचं! तेही बदलायला नाही, साफ करायला. त्यातले जेट (बारीक छिद्रांचे तुकडे) पितळेचे असतात, त्यात तार घालू नका, हवा मारा. आणि मिक्श्चरचा स्क्रू सोडण्यापूर्वी तो आत किती आटे जातो ते मोजून लिहून ठेवा.

हाफ इंजिनबद्दल: पैसे देण्याआधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजून मागा, चारही सिलिंडरचे आकडे कागदावर. आकडे एकमेकांच्या जवळ आणि पुरेसे असतील तर ते काम नको. एकच सिलिंडर गरम असताना कमी दाखवत असेल तर आधी टॅपेट (व्हॉल्व्हवरची फट ठरवणारे भाग) फार घट्ट नाहीत ना ते बघा, घट्ट टॅपेटमुळे गरम झाल्यावर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. आणि टेम्परेचरचा काटाच वर जात असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून रेडिएटर बघा, पण झाकण गरम असताना मुळीच उघडू नका.

सुट्या भागांसाठी मुंबईत कुर्ल्याला चक्कर मारा. ही गाडी जिथे बनायची त्याच कुर्ल्यात, सीएसटी रोडच्या दुकानांत, तिचे पार्ट अजून सापडतात. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली. टॅक्सी होत्या तोवर माल फिरता होता, आता दुकानदार ढिगातून शोधून काढतो. त्यामुळे फोनवर मॉडेल सांगून मागवू नका. जुना पंप, जुनी कॉइल पिशवीत घालून घेऊन जा आणि काउंटरवर शेजारी ठेवून जुळवून घ्या. बेकेलाइटच्या तुकड्याची जाडी तर कॅलिपरनेच मोजा.