पाचशेचं चलान: भरायचं की हरकत घ्यायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एमएच-15 पासिंगची स्कूटर, मोबाइलवर दोन चलानं. एक अशोक स्तंभाजवळचं विनाहेल्मेट, 500 रुपये. तुम्ही म्हणता हेल्मेट होतं. दुसरं एम. जी. रोडवरचं नो पार्किंग, तेही 500; तिथे फलकच दिसला नाही म्हणता. भाऊ म्हणतो, भरून मोकळा हो. शेजारचे काका म्हणतात, थांब, लोकअदालतीत अर्ध्यात मिटेल.

आज तरी दोघांचंही ऐकू नका. आधी दोन्ही चलानांचे फोटो उघडा. तुम्ही फक्त एसएमएस वाचलाय असं प्रश्नावरून दिसतं, आणि एसएमएसवरून काहीच ठरत नाही. घाईने पैसे भरू नका म्हणतो त्याचं कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम 200 मध्ये आहे. ऑनलाइन भरलेला दंड म्हणजे 'तडजोड शुल्क'. ते भरलं की दंडाचं प्रकरण तिथेच बंद होतं. नंतर फोटोत दुसऱ्याचीच गाडी निघाली तरी भरलेले पैसे परत मिळवणं जवळपास अशक्य असतं. म्हणून हरकत घ्यायची तर भरण्याआधी.

फोटो बघायचा कसा? महाट्रॅफिक ॲपमध्ये किंवा महाट्रॅफिकईचलान डॉट जीओव्ही डॉट इन या साइटवर गाडी नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक टाका. दोन्ही नंबर आरसीवर असतात. प्रत्येक चलानाखाली तारीख, वेळ, ठिकाण, कलम, रक्कम आणि फोटो दिसतो. फोटो मोबाइलच्या छोट्या चौकटीत बघून सोडू नका. डाउनलोड करा, मोठा करा आणि चार गोष्टी तपासा: नंबर प्लेटवरचा प्रत्येक अंक आणि अक्षर, गाडीचा प्रकार आणि रंग, चालकाचं डोकं, आणि मागे कोणी बसलंय का. प्लेटवर 8 आणि बी, 0 आणि डी, 1 आणि 7 यांची गल्लत नेहमीची. माती उडालेली किंवा फॅन्सी अक्षरांची प्लेट असली की ती हमखास होते. काळ्या मोटारसायकलचं चलान पांढऱ्या स्कूटरला लागतं ते असंच.

आता तुमच्या हेल्मेटच्या चलानाबद्दल. 'हेल्मेट होतं' एवढं म्हणणं कायद्याला पुरत नाही. कलम 129 प्रमाणे हेल्मेट पट्ट्याने डोक्याला नीट बांधलेलं असायला हवं आणि ते भारतीय मानकाचं हवं. पट्टा लोंबतोय, हेल्मेट आरशाला अडकवलंय किंवा बांधकामावरची पिवळी टोपी घातलीय, तर चलान बरोबर आहे. दुसरं म्हणजे मागच्या माणसालाही हेल्मेट लागतं. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते सक्तीचं आहे. पगडी बांधणाऱ्या शीख व्यक्तीला सूट आहे. आपल्याकडे बऱ्याच तक्रारी इथेच अडकतात. चालक म्हणतो, माझ्या डोक्यावर होतं, आणि फोटोत मागे बसलेल्या बाईंचं डोकं मोकळं असतं. नाशकात 2021 मध्ये 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' मोहीम झाली तेव्हापासून चालकाला सवय लागली, मागच्याला अजून नाही.

या चलानात 500 रुपयांपेक्षा मोठी गोष्ट लायसन्सची आहे. कलम 194-डी मध्ये दंडाबरोबर तीन महिने लायसन्स अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 200 मध्येच लिहिलंय की तडजोड शुल्क भरलं तरी कलम 206(4) खालची कारवाई, म्हणजे लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवणं, त्यातून सुटत नाही. प्रत्येक हेल्मेट चलानाला हे होत नाही, पण 'पाचशे भरले की विषय संपला' हे गृहीतक या कलमात चुकीचं आहे. डिलिव्हरीचं काम करणाऱ्याला, ड्रायव्हरची नोकरी असणाऱ्याला तीन महिने लायसन्स नसणं म्हणजे घरातला पगार बंद. त्यामुळे हेल्मेट, ट्रिपल सीट, वेग, सिग्नल तोडणं किंवा गाडी चालवताना मोबाइल यांचं चुकीचं चलान असेल तर रक्कम कितीही लहान असो, हरकत घ्याच.

नो पार्किंगचं गणित वेगळं. ते साधारण कलम 122 आणि 177 खाली लागतं, लायसन्सचा प्रश्न येत नाही. पण महाराष्ट्रात डिसेंबर 2021 पासून वाढीव दंड लागू झाले, त्यात कलम 177 ला पहिल्या वेळी 500 आणि पुन्हा झालं तर 1500 आहेत. खोटं चलान 'जाऊ दे' म्हणून भरलं की पुढच्या खऱ्या चुकीला थेट 1500 लागू शकतात. आज वाचवलेला त्रास तेव्हा हजार रुपयांना पडतो. एम. जी. रोड, मेहेर सिग्नल, शालिमार, रविवार कारंजा या पट्ट्यात ज्याला रोज गाडी लावावी लागते, त्याने हा हिशेब मांडलाच पाहिजे.

'फलक नव्हता' ही हरकत मात्र पुरावा असेल तरच टिकते. फलक झाडामागे, फ्लेक्समागे किंवा टपरीच्या छपराखाली झाकलेला असतो आणि आपल्याला दिसत नाही. पोलिसांच्या नोंदीत तो असतोच. त्याच जागी जा, चलानातल्या फोटोतलं दुकान किंवा विजेचा खांब ओळखा, आणि दोन्ही बाजूंना पन्नासेक पावलं चालत सलग व्हिडिओ घ्या. फलक असेल तर त्यावरचा बाण कुठे दाखवतो ते बघा, हद्द बाणाने ठरते. सम-विषम तारखेची पार्किंग असेल तर तारीख जुळवा. हे दोन-तीन दिवसांत करा. महिन्याने काढलेल्या व्हिडिओवरून 'त्या दिवशी फलक नव्हता' हे सिद्ध होत नाही. आणि एक लक्षात ठेवा, कलम 122 मध्ये रहदारीला अडथळा किंवा धोका होईल अशी उभी केलेली गाडीही येते. चौकाच्या कोपऱ्यावर किंवा दुसऱ्या गाड्यांच्या रांगेबाहेर लावली असेल तर फलकाचा मुद्दा तुम्हाला वाचवणार नाही. तिथे भरून टाका.

हरकत घ्यायची ती त्याच ॲपमधल्या किंवा साइटवरच्या तक्रारीच्या पर्यायातून. फुकट आहे, वकील लागत नाही. त्यात लोक चिडून पानभर लिहितात आणि मुद्दा हरवतो. तक्रार तपासणाऱ्याला अर्ध्या मिनिटात चूक दिसली पाहिजे. असं लिहा:

'चलान क्रमांक अमुक, दिनांक अमुक, वेळ 18:42, ठिकाण अशोक स्तंभ. फोटोतील वाहन काळी मोटारसायकल आहे. माझ्या नावावरील वाहन पांढरी स्कूटर आहे. प्लेटवरील तिसरा अंक 8 नसून 3 आहे. आरसी आणि माझ्या गाडीचा मागून काढलेला फोटो जोडला आहे. चलान रद्द करावे.'

एवढंच. 'मी नेहमी नियम पाळतो', 'बाकीचे सगळे तोडतात', 'पोलीस लपून उभे होते' यातलं काही नको. गाडीचा फोटो चलानातल्या फोटोच्याच कोनातून काढा, म्हणजे फरक शेजारी शेजारी दिसतो. त्या वेळी गाडी दुसरीकडे होती असं म्हणायचं असेल तर वेळ छापलेला कागद हवा: सर्व्हिस सेंटरचं जॉबकार्ड, पार्किंगची पावती, कारचं असेल तर फास्टॅगचं स्टेटमेंट. 'मी घरी होतो' असं शेजाऱ्यांनी लिहून दिलेलं चालत नाही. तक्रार गेल्यावर तिचा क्रमांक येईल त्या पडद्याचा स्क्रीनशॉट ठेवा. हरकतीची मुदत चलानावर किंवा सूचनेत असते. ती निघून गेली की बरोबर असलेली हरकतही ऐकली जात नाही.

हरकत कोणाकडे जाते तेही बघा. चलानावर देणारं कार्यालय लिहिलेलं असतं. नाशिक शहर वाहतूक शाखा, नाशिक ग्रामीण पोलीस आणि महामार्ग पोलीस ही तीन वेगळी घरं. महामार्गावरच्या चलानासाठी शहर शाखेत रांग लावली तर ते हात वर करणार, आणि ते बरोबरच आहे. आरटीओच्या पथकाने केलेलं चलान तर परिवहनच्या ई-चलान पोर्टलवर दिसतं, पोलिसांच्या साइटवर ते सापडेलच असं नाही.

कॅमेऱ्याने किंवा स्पीडगनने पकडलेलं चलान असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला, ऑगस्ट 2021 मध्ये आलेला नियम 167-अ उपयोगी पडतो. त्यात चलानाबरोबर गुन्हा आणि नंबर प्लेट स्पष्ट दाखवणारा फोटो, यंत्राने मोजलेला आकडा, तारीख-वेळ-ठिकाण आणि लागू कलम असावं असं आहे. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र लागतं आणि ते दर वर्षी नवं करावं लागतं. नोटीस घटनेपासून 15 दिवसांत पाठवायची असते. माझं मत: '15 दिवस उलटले' हा एकटा मुद्दा घेऊन जाऊ नका, फोटोतली चूक पुढे ठेवा आणि उशीर हा जोडमुद्दा म्हणून लिहा. पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाइलवर फोटो काढू नयेत, असा आदेश राज्याच्या वाहतूक विभागाने 2025 मध्ये दिला आहे, पण तुमच्या फोटोत गुन्हा स्वच्छ दिसत असेल तर केवळ त्याच्या भरवशावर लढू नका.

तक्रार फेटाळली तर पुढचा रस्ता न्यायालयाचा, म्हणजे सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या) जिल्हा न्यायालयाच्या आवारातले प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी. तिथे 'गुन्हा कबूल नाही' म्हटलं की पुरावा सरकार पक्षाने द्यायचा असतो: अधिकाऱ्याची साक्ष, फोटो आणि त्याला जोडलेलं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र, जे आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली लागतं. पण हे एका तारखेत होत नाही. प्रत्येक तारखेला अर्धा दिवस जातो आणि वकील घेतला तर त्याची फी 500 च्या कितीतरी पुढे जाते. नो पार्किंगच्या एका चलानासाठी मी कोणालाही न्यायालयात जायला सांगणार नाही. लायसन्स धोक्यात असेल, नंबरची बनावट प्लेट कोणीतरी वापरत असेल किंवा विकलेल्या गाडीची चलानं येत राहिली असतील, तर जरूर जा.

या शेवटच्या दोन्हींत नुसती हरकत पुरत नाही. बनावट प्लेटचा संशय असेल तर आधी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच प्रत्येक हरकतीला जोडा. उद्या त्याच नंबराच्या गाडीने अपघात केला तर तीच पोच तुमच्या कामाची. गाडी विकली असेल आणि आरसीवर नाव तुमचंच असेल तर कायद्याच्या दृष्टीने मालक तुम्हीच. स्टॅम्पपेपरवरचा करार दाखवून चलान रद्द होत नाही. फॉर्म 29 आणि 30 भरून पेठ रोडच्या आरटीओत नाव बदलून घ्या. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने 14 दिवसांत कळवायचं असतं.

काकांच्या लोकअदालतीबद्दल. तिथे प्रकरण सामोपचाराने मिटतं आणि निवाड्यावर अपील नसतं हे खरं. पण अर्धी रक्कम माफ होईलच असा नियम नाही. सवलत मिळेल की नाही, किती, हे त्या त्या वेळी ठरतं. आणि लोकअदालत हे 'मी गुन्हा केलाच नाही' हे ठरवण्याचं ठिकाण नाही. ज्यांची पाच-सात चलानं खरी आहेत आणि रक्कम साचली आहे, त्यांच्यासाठी ती सोय आहे.

काही जण 'सहा महिने थांब, आपोआप रद्द होतं' असं सांगतात. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घ्यायला न्यायालयाला सहा महिन्यांची मुदत आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 514 मध्ये ती आहे, आणि योग्य कारण असेल तर न्यायालय उशीर माफही करू शकतं. हा मुद्दा न्यायाधीशांसमोर मांडायचा असतो. पोर्टलवरचं चलान त्याने पुसलं जात नाही, आणि गाडी विकताना किंवा एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) काढताना तेच आडवं येतं. समन्स आलं आणि तुम्ही गेलाच नाहीत तर वॉरंट निघू शकतं.

फोटोत चूक तुमचीच दिसली तर मात्र त्याच दिवशी भरा. फक्त एसएमएसमधल्या लिंकवरून नाही. चलानाच्या नावाखाली व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) तर अजिबात उघडू नका, तिच्यातून बँक खातं रिकामं होतं. ॲपमधून किंवा स्वतः टाइप केलेल्या जीओव्ही डॉट इन पत्त्यावरून भरा, पावतीची पीडीएफ उतरवून ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी चलानापुढे 'भरले' असं आलंय का ते बघा. खात्यातून पैसे गेले आणि चलान बाकीच दिसलं तर दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांकासह तक्रारीच्या पर्यायातूनच कळवा.

आरसीला जोडलेला मोबाइल नंबर जुना असेल तर तो आजच परिवहनच्या साइटवरून बदला. चलानाचा मेसेज आलाच नाही, समन्सचं कळलंच नाही, या तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा शोरूमवाल्याने गाडी घेताना टाकलेला भलताच नंबर असतो.