साक्ष द्यायला उभं राहवत नाही

"मावशी, मी नगरची. वय ४२, एका हॉस्पिटलात सिस्टर आहे. आठ महिन्यांपूर्वी आई गेली. तिच्यासाठी मी उपास करून प्रार्थना केली होती. ती गेल्यावर आमच्या चर्चच्या मंडळीतली एक बाई म्हणाली, 'तुझा विश्वास कमी पडला.' मी अजूनही पहाटे पाचला उठून शास्त्रपाठ वाचते, प्रार्थना करते, पण आतून काही हलत नाही. महिला सभेत बाकीच्या साक्ष देतात, प्रभू माझ्याशी असं बोलला, तसं बोलला. मी मान डोलावते आणि घरी येऊन रडते. आईचं बायबल तर मला उघडवतच नाही. देवाचं प्रेम माझ्याच वाट्याला का नाही? ही पहाटेची प्रार्थना सोडूनच देऊ का?"

पोरी,

आधी त्या 'विश्वास कमी पडला' म्हणणाऱ्या बाईचं बघू. तो काटा निघाल्याशिवाय तुला पाऊल टाकता येणार नाही. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनं स्वतः देवाला विनवलं होतं, हा दुःखाचा प्याला माझ्यापासून टळू दे. टळला नाही. मग त्याचाही विश्वास कमी पडला का, असं त्या बाईला विचार. (खरंच विचारू नकोस, उगाच मंडळीत दोन तट पडतील. पण मनात पक्कं ठेव.)

आता तुझं. तू पहाटे डोळे मिटतेस आणि त्याच दहा मिनिटांत काही जाणवतंय का ते चाचपतेस. रोज, आठ महिने. एक सांग, वॉर्डात तू एका बीपीच्या आकड्यावरून पेशंट कसा आहे ते ठरवतेस का? चार्ट बघतेस. काल किती होतं, परवा किती, रात्री काय झालं. मग देवाच्या बाबतीतच एवढी घाई का?

लूकच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायातले येशूचे ते दोघे शिष्य आठव. वधस्तंभाची घटना नुकतीच झालेली, यरुशलेम सोडून अम्माऊसकडे चाललेले. साधारण ११ किलोमीटरची वाट. येशू त्यांच्याबरोबर चालतोय, शास्त्र उलगडून सांगतोय आणि त्यांना पत्ता नाही. ओळख पटली ती मुक्कामाला, त्यानं भाकर मोडली तेव्हा. तोवर तो दिसेनासाही झाला! मग एकमेकांना म्हणतात, वाटेत तो बोलत होता तेव्हा आपलं मन आतून पेटलं नव्हतं का? म्हणजे पेटलेलं होतं, कळलं मात्र मागून. मला हा भाग फार आवडतो, कारण माझंही बहुतेक असंच झालंय.

इग्नाती लोयोलाची गोष्ट याच जातीची. तू म्हणशील, मावशी आपण प्रॉटेस्टंट घरातल्या, हे कॅथलिकांचं कशाला? चांगली गोष्ट शेजारच्या घरातून आणायला कसली लाज. हा स्पेनमधला शिपाईगडी, १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्यानं पाय मोडला. अंथरुणावर पडल्यापडल्या कधी दरबारातल्या पराक्रमाची स्वप्नं बघायचा, कधी संतांसारखं जगायची. दोन्ही बघताना बरंच वाटायचं. पण पहिली ओसरली की मन कोरडं व्हायचं, दुसरी ओसरल्यावरही उल्हास टिकायचा. नंतर काय उरतं, हे त्यानं पाहिलं. पुढे त्यानं काढलेल्या येशूसंघातल्या लोकांनी दिवसाकडे मागे वळून पाहायची सवयच लावून घेतली, दुपारी एकदा, रात्री एकदा.

तुला हे शिकवायला नको, तू रोज करतेस. ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला ओव्हर देतेस ना? तशीच रात्री देवाला दे. दिवस सकाळपासून उलगड. कुठे जीव हलका झाला? कुठे तू कुणावर उगाच खेकसलीस? न मागता काय मिळालं? एखाद्या म्हातारीनं हात धरून ठेवला असेल, कुणी आपल्या डब्यातली भाजी पुढे केली असेल. लगेच त्यावर 'देवाचं प्रेम' असं लेबल चिकटवू नकोस. नुसतं दोन ओळींत लिही. काही नसेल त्या दिवशी 'काही नाही' लिही, तेही खरंच आहे. महिन्यानं सगळं एकदम वाच. नाइट ड्युटी असेल तर सकाळी घरी आल्यावर, चहाच्या आधी.

पहाटेची प्रार्थना सोडू नकोस, लहान कर. अख्खा अध्याय वाचून संपवायची तुझी धडपड चालत असणार. आठदहा ओळी पुरेत, एखादा शब्द टोचला की तिथेच थांब. आणि देवाशी बोलताना सभ्यपणा कमी कर. स्तोत्र १३ काढ. सहाच वचनं. पहिल्या दोनांत 'कुठवर?' असं चारदा विचारलंय. स्तोत्र ८८ तर शेवटीही अंधारातच सोडतं, आणि ते कुणी बायबलातून काढून टाकलेलं नाही. आईला का नेलंस, हे तू त्याला एकदा तरी सरळ विचारलंस का? पत्रात तरी तसं कुठे दिसलं नाही.

महिला सभेत मान डोलावणं बंद. एकदा उठून सांग, 'माझ्याकडे आज साक्ष नाही, माझ्यासाठी प्रार्थना करा.' बघ, सभा संपल्यावर दोघीतिघी हळूच तुझ्याजवळ येतील. साक्षींत वीज चमकल्याचंच तेवढं ऐकू येतं, हळू उजाडल्याचं कुणी सांगत नाही. तुमच्या नगरात राहिलेल्या, 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळकांचंच बघ. नवऱ्यानं १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्यांना स्वतःला तिथवर यायला आणखी पाच वर्षं लागली. आपली गोष्ट सांगताना त्यांनी ती वर्षं झाकली नाहीत, उलट किती हसवलंय!

झोप, जेवण बिघडलं असेल तर डॉक्टरांना दाखव. पेशंटला जे सांगतेस ते स्वतःही ऐक.

वही चाळीस पानीच घे. जाड डायरी आणलीस तर ती भरायची काळजी नव्यानं सुरू होईल. आईचं बायबल उघडवत नाही म्हणतेस, तर राहू दे कपाटात. तुझं स्वतःचं आहेच की.

तुझी मावशी