अमेरिकेत फ्लाइंग ट्रेनिंग घ्यायचंय, स्कूल कसं निवडू?

परत येऊन भारतातच नोकरी करायची असेल तर आधी मेडिकल. डीजीसीएचं, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाचं, क्लास वन मेडिकल सर्टिफिकेट हातात येईपर्यंत एक रुपयाही भरू नका.

मग तास. आपल्याकडे सीपीएलला (कमर्शियल पायलट लायसन्स) २०० तास लागतात, त्यातले १०० पायलट इन कमांड (पीआयसी), म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन उडवलेले. तिकडच्या पार्ट १४१ स्कूलमध्ये (अमेरिकी नियामकाने मंजूर केलेला अभ्यासक्रम शिकवणारी स्कूल्स) लायसन्स १९० तासांतही मिळतं. वरचे १० वेगळे पैसे मोजून उडावे लागतात. शिवाय इन्स्ट्रक्टर शेजारी असतानाचे तासही तिथे पीआयसी म्हणून लॉगबुकात चढतात. ते इकडे धरले जातील या भरवशावर राहू नका.

विमानं किती, हे विचारू नका. आज उडतायत किती, ते विचारा. आमच्या स्कूलच्या निम्म्या सेस्ना इंजिनाची झाकणं उघडून हँगरातच पडलेल्या असायच्या. सगळी फी आगाऊ मागणाऱ्याला लांबूनच नमस्कार!