फोन रिसेट करू नका, आधी वही काढा

ताई, तुमच्या सातवीतल्या मुलीचा फोटो लावून कुणीतरी इन्स्टाग्रामवर खोटं खातं उघडलंय, त्यावरून वर्गातल्या मुलांना घाणेरडे मेसेज जातायत आणि शाळा म्हणते "हा शाळेबाहेरचा विषय". वाचताना हातपाय गार पडले. चार वर्षांपूर्वी आमच्या घरी हेच झालं होतं.

पासवर्ड, प्रायव्हसी सेटिंग वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच, त्यात जात नाही. माझी जी चूक सगळ्यात महाग पडली ती सांगते.

आमची वाडी देवगडच्या बाजूला. घरात रेंज नाही, पोरं रेंजसाठी संध्याकाळी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर, जाऊन बसतात. त्या दिवशी लेक सड्यावरून आली ती थेट माजघरात भिंतीकडे तोंड करून झोपली. सासूबाई विचारत राहिल्या, "काय झाला गो? जेवक नको?" रात्री अकराला तिनं गुपचूप फोन माझ्या हातात दिला. मेसेज वाचले आणि माझं डोकं फिरलं. इन्स्टाग्राम काढून टाकलं, व्हॉट्सअ‍ॅपवरचं सगळं पुसलं, तरी जीव शांत होईना म्हणून अख्खा फोन रिसेट मारला. वाटलं, घाण घराबाहेर गेली.

गेला तो पुरावा. दोन दिवसांनी तक्रार द्यायला गेलो तेव्हा पहिलाच प्रश्न आला: खात्याचं नेमकं नाव काय, लिंक काय? नावात खालची रेघ एक होती की दोन, हे लेकीला आठवेना. तोवर समोरच्यानं नाव बदललंही असेल, कुणी सांगावं. कार्यालय कुठलं ते लिहीत नाही, पण तिथून "आमची हद्द नाही" म्हणून दुसरीकडे पाठवलं, दुसरीकडून परत पहिल्याकडे. एसटीनं तीन खेपा. तिसऱ्या खेपेला मुलीसमोरच विचारलं, "हिला मोबाईल दिलातच कशाला?" त्यानंतर ती माझ्याबरोबर कुठल्याच कचेरीत यायला तयार झाली नाही. आजही ते वाक्य आठवलं की संताप होतो. बारा वर्षांच्या पोरीनं काय गुन्हा केला होता?

म्हणून सांगते, आज रात्रीच खात्याचं नाव अक्षर न् अक्षर वहीत लिहा. प्रोफाइलची लिंक कॉपी करा, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढा. ज्या मुलांना मेसेज गेले त्यांच्या आईवडिलांना ते पुसू नका म्हणून सांगा. हे झाल्यावरच इन्स्टाग्रामला रिपोर्ट करा. फोटोशी अश्लील छेडछाड केलेली असेल तर मात्र तो पुरावा म्हणूनही कुणाला फॉरवर्ड करू नका, शाळेतल्या बाईंनाही नाही. मुलांचं असं चित्र पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ ब कलमाखाली गुन्हा आहे. फोन हातात धरून पोलिसांना दाखवा.

हद्दीचं कारण दिलं तर ऐकून घेऊ नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र, म्हणजे पोलिसांना थेट नोंदवून घेता येणाऱ्या, गुन्ह्याची खबर कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, गुन्हा कुठेही घडलेला असो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे, तिथेही तक्रार भरा. मुलीला आधार हवा असेल तर १०९८, ही मुलांसाठीची हेल्पलाइन. १९३० हा नंबर पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, गोंधळू नका. मी वकील नाही, तुमच्या प्रकरणात कोणतं कलम लागेल ते जाणकारालाच विचारा.

शाळेबद्दल माझं मत जरा कडक आहे, पटलं नाही तर सोडून द्या. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप, दोन्हींची वयाची अट १३ वर्षांची. सातवीच्या वर्गातली बरीच मुलं खोटी जन्मतारीख टाकून आत शिरलेली असतात, आणि त्याच वर्गाच्या ग्रुपवर शाळा गृहपाठ पाठवते. मग शिकवण्याची जबाबदारी शाळेचीही. "मोबाईल वाईट" या विषयावर निबंध लिहून घेणं म्हणजे शिकवणं नव्हे. दुसऱ्याच्या कलमावरचा आंबा विचारल्याशिवाय काढायचा नाही, हे आमच्या पोरांना कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. दुसऱ्याचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही, त्याचं स्टिकर करायचं नाही, हेही तसंच रोजच्या रोज अंगवळणी पाडावं लागतं.

आणि ते घरापासून. आमच्या लेकीच्या खोट्या खात्यावरचा फोटो माझ्याच स्टेटसवरचा होता, गणपतीतला, हातात आरतीचं ताट. तिला न विचारता मी टाकला होता. आता विचारते. गेल्या चतुर्थीला मुंबईहून आलेल्या दिरांनी सगळ्यांचे फोटो काढले तेव्हा ती म्हणाली, "काका, माझा स्टेटसला नको." त्यांनी तिच्यासमोरच तो काढून टाकला.

तुमच्या मुलीचा फोटो कुठून गेला तेही शोधा, पण तिची उलटतपासणी घेऊन नको. आणि तिचा फोन काढून घेऊ नका. माझ्या लेकीनं त्यानंतर सहा महिने मला काहीही सांगितलं नव्हतं.