महाधमनीच्या कोआर्क्टेशनचं (जन्मतःच महाधमनीचा एक तुकडा अरुंद असण्याचं) ऑपरेशन बाळाला पूर्ण भूल न देता, फक्त जागा बधिर करून होतं का?

नाही. तुमचा भाचा ११ महिन्यांचा, वजन ८ किलो. त्याला पूर्ण भूलच लागणार. डावीकडच्या तिसऱ्या-चौथ्या बरगडीच्या फटीतून आत जायचं, फुप्फुस बाजूला सारायचं, महाधमनीला वर-खाली क्लॅम्प (रक्त थांबवणारे चिमटे) लावून अरुंद तुकडा काढायचा आणि टोकं शिवायची. श्वासनळीत नळी घातल्याशिवाय हे होत नाही. सांगलीत कुणी 'इंजेक्शनवर भागेल' म्हणालं असेल तर ते मोठ्या माणसाच्या जांघेतून फुगा घालून महाधमनी रुंद करण्याबद्दल बोलत असणार.

बधिरतेचं औषध लागतं ते नंतरच्या दुखण्यासाठी. अडथळा निघाला तरी बीपी काही दिवस चढंच राहतं. त्यात बाळ कळवळलं की ताज्या टाक्यांवर ताण येतो.

इथेच मिरजेतल्या एका सर्जनशी माझं, म्हणजे भूलतज्ज्ञाचं, कायम वाजतं. मी ब्लॉक (बरगड्यांजवळच्या नसा बधिर करणारं इंजेक्शन) दिलेला असतो आणि छाती बंद करताना ते जखमेत तेच औषध 'थोडंसं' भरतात. थोडंसं म्हणजे किती? ब्युपिवॅकेन, म्हणजे हे बधिरतेचं औषध, किलोमागे जास्तीत जास्त २.५ मिलिग्रॅम. ८ किलोला २० मिलिग्रॅम, म्हणजे ०.२५ टक्क्याचं ८ मिलि, तेही दोघांचं मिळून! ०.५ टक्क्याची बाटली फोडली तर फक्त ४ मिलि. बरगड्यांच्या फटीतून औषध रक्तात फार झपाट्याने जातं. भुलीत झटके दिसत नाहीत, थेट मॉनिटरवर ठोके बिघडलेले दिसतात. मग उतारा म्हणून २० टक्के लिपिड (शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण) किलोमागे १.५ मिलि, म्हणजे १२ मिलि लगेच द्यावं लागतं. सर्जनने आधी विचारावं, मग सिरिंज उचलावी. यात मानापमानाचा प्रश्न नाही.

एपिड्युरल, म्हणजे पाठीच्या मणक्यात नळी घालून बधिर करणं, मी टाळतो. क्लॅम्पच्या वेळी रक्त गोठू न देणारं हेपॅरिन दिलेलं असतं, त्यामुळे मणक्यात रक्तस्रावाची भीती. शिवाय मज्जारज्जूचं रक्त तुटलं का, हे जाग आल्यावर पाय हलतात का यावरूनच कळतं. औषधाने पाय जड झाले तर कळणार कसं? मोठ्या मुलांत बरगड्यांखालच्या धमन्या फुगलेल्या असतात, तिथे ब्लॉक देताना सोनोग्राफीशिवाय सुई नकोच. छाती उघडी असताना सर्जनने बघून औषध दिलं तर मात्र माझी हरकत नाही, मिलि मला सांगून.

वरचा हिशेब ६ महिन्यांखालच्या बाळाला लावू नका, त्यांना डोस कमी लागतो. पुण्याला नेणार असाल तर चारही हातापायांच्या बीपीची नोंद सोबत ठेवा. तोवर उजव्या मनगटाच्या धमनीतून रक्त काढू देऊ नका. ऑपरेशनमध्ये बीपीची नळी बहुतेकदा तिथेच घालतात, कारण डाव्या हाताची धमनी क्लॅम्पखाली जाऊ शकते.