वाचकांचे प्रश्न : डोलणारे तापमान आणि थरथरणारे बटण

प्रश्न : दांडिया बझारात आमचा घरगुती श्रीखंडाचा व्यवसाय आहे. हिवाळ्यात चक्क्यासाठीचे दही नीट लागत नाही, म्हणून मुलाने थर्माकोलच्या पेटीत ६० वॅटचा दिवा, एलएम ३५ हा तापमानाचा सेन्सर आणि आर्डुइनो उनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड यांची जोडणी करून दिली. तापमान ४० अंशांखाली गेले की रिले (विजेवर चालणारा स्विच) दिवा लावतो. अडचण अशी, की पडद्यावरचा आकडा दर दोन सेकंदांनी ३८ पासून ४३ पर्यंत चढतो आणि उतरतो, त्यामुळे रिले सारखा टकटक करतो. दुकानदाराच्या सांगण्यावरून दोनदा सेन्सर बदलला. मग एकाऐवजी लागोपाठ दहा वाचने घेऊन त्यांची सरासरी काढली. तरी डोलणे थांबले नाहीच, फक्त ते दोनाऐवजी एका सेकंदाचे झाले. प्रत्येक फेरीत प्रोग्रॅम १०० मिलिसेकंद थांबतो. सेन्सरची दोन मीटर वायर दिव्याच्या वायरीबरोबर एकाच पट्टीतून नेली आहे. चूक कुठे असेल?
– एक वाचक, बडोदे

उत्तर : आपण शेवटी लिहिलेल्या तीन तपशिलांतच उत्तर आहे, आणि बहुतेक पत्रांत नेमके तेच गाळलेले असतात. पेटीतल्या हवेचे तापमान दोन सेकंदांत पाच अंश चढून उतरत नाही; तसे ते होत असते, तरी आपण नऊ वाचने जास्त घेतली म्हणून त्याची लय बदलण्याचे काहीच कारण नव्हते. लय बदलली, याचा अर्थ ती पेटीत नसून मायक्रोकंट्रोलरच्या (बोर्डावर प्रोग्रॅम चालवणाऱ्या चिपच्या) पाहण्याच्या वेळापत्रकात आहे. काढून ठेवलेले दोन्ही सेन्सर टाकून देऊ नयेत.

एलएम ३५ दर अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे ४० अंशांना ४०० मिलिव्होल्ट. उनोवरील एटीमेगा ३२८पी या मायक्रोकंट्रोलरमधला परिवर्तक ५ व्होल्टचे १०२४ भाग पाडतो आणि आलेले व्होल्टेज कितव्या भागात पडते, तेवढा आकडा प्रोग्रॅमच्या हाती देतो. एक भाग ४.८८ मिलिव्होल्टचा, म्हणजे जवळजवळ अर्ध्या अंशाचा असतो. आपल्या पडद्यावर ४०.०४ नंतर एकदम ४०.५३ दिसत असणार. दशांश चिन्हापुढचे ते आकडे गुणाकार-भागाकाराने आणलेले आहेत, सेन्सरने नव्हे. असे एक वाचन सुमारे ०.१ मिलिसेकंदात उरकते आणि त्यानंतरचे १०० मिलिसेकंद प्रोग्रॅम व्होल्टेजकडे फिरकतही नाही. मधल्या काळात वायरीवर काय घडले, ते त्याच्या लेखी घडलेलेच नसते.

वायरीवर मात्र पुष्कळ काही घडत असते. घरच्या विजेची लहर सेकंदाला ५० वेळा, म्हणजे दर २० मिलिसेकंदांनी एक, अशी येते, आणि दिव्याच्या वायरीलगत दोन मीटर धावणाऱ्या सेन्सरच्या वायरीत तिचा अंश उतरतो. वर-खाली अडीच अंशांची चूक व्हायला २५ मिलिव्होल्ट पुरतात. आता थांबण्याचे १०० मिलिसेकंद आणि वाचन करून चार-पाच अक्षरे पडद्यावर लिहिण्याचा साधारण १ मिलिसेकंद मिळून एक फेरी १०१ मिलिसेकंदांची धरू. तेवढ्या वेळात विजेच्या पाच लहरी पुऱ्या होऊन सहावीचा विसावा भाग उलटलेला असतो. म्हणून प्रत्येक वाचन लहरीवर मागच्यापेक्षा विसाव्या भागाने पुढे सरकून पडते, आणि वीस फेऱ्यांत, म्हणजे २.०२ सेकंदांत, एक सबंध लहर संथपणे रेखाटली जाते. दहा वाचने घेतल्यावर फेरी सुमारे १०२ मिलिसेकंदांची झाली, सरकणे दहाव्या भागाचे झाले, आणि डोलणे सेकंदावर आले. आपल्या निरीक्षणाशी हिशेब तंतोतंत जुळतो. ती सरासरी निरुपयोगी का ठरली, हेही यातूनच कळते : दहाही वाचने एका मिलिसेकंदात संपली, म्हणजे लहरीच्या एकाच कडेवर उभे राहून दहा वेळा तीच उंची मोजली गेली.

या प्रकाराला एलियासिंग म्हणतात. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला होता, तसाच हा प्रकार असल्यामुळे या खोट्या संथ लहरीला मी तोतया लहर म्हणतो; एकदा ती आकड्यांच्या पंक्तीत येऊन बसली, की खऱ्या संथ बदलापासून तिला निव्वळ त्या आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही. अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली मांडलेल्या सिद्धतेनुसार, सिग्नलमध्ये असलेल्या सर्वांत जलद लहरीच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने, म्हणजे वाचने, घ्यावे लागतात. इथे गफलत अशी होते, की आपल्याला तापमानच हवे असल्यामुळे सेकंदाला दहा नमुने भरपूर वाटतात. परंतु हिशेब हव्या असलेल्या सिग्नलचा नव्हे, वायरीवर प्रत्यक्ष असलेल्या सिग्नलचा करायचा असतो.

तेव्हा पहिले काम म्हणजे सेन्सरची वायर दिव्याच्या वायरीपासून वेगळी काढावी आणि तिच्या तारा एकमेकींना पीळ देऊन न्याव्यात. त्यानंतर बोर्डाजवळ सेन्सरच्या सिग्नलमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर घालून, त्यापुढे इनपुट आणि ग्राउंड (शून्य व्होल्टची तार) यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर जोडावा. कंडेन्सर थेट सेन्सरच्या पायावर जोडू नये, तो एलएम ३५ ला मानवत नाही. ही जोडी ५० हर्ट्झची लहर सुमारे तीस पटींनी कमी करते, म्हणजे २५ मिलिव्होल्टचे एक मिलिव्होल्टही उरत नाहीत, आणि तापमानाला तिचा अडथळा होत नाही. प्रोग्रॅममध्ये दर मिलिसेकंदाला एक अशी १०० वाचने घेऊन सरासरी काढावी. पाच पूर्ण लहरी तिच्यात मावतात आणि वरचे-खालचे भाग एकमेकांना खाऊन टाकतात. याशिवाय दिवा ४० अंशांना लावून ४१ ला विझवावा, म्हणजे रिलेला उसंत मिळेल.

प्रश्न : आमच्या गणेशोत्सव मंडळात प्रसादाची पाकिटे मोजण्यासाठी मी आर्डुइनो उनो बोर्डावर बटण आणि आकड्यांचा पडदा बसवला. बटण एकदा दाबले तरी कधी दोन, कधी तीन मोजले जातात. बटण खराब आहे का?
– डिप्लोमाचा विद्यार्थी, बडोदे

उत्तर : बटण सर्वसाधारण आहे. दाबल्यावर त्यातली धातूची पाती एकमेकींवर आदळून काही मिलिसेकंद उसळत राहतात. माणसाच्या बोटाला ते जाणवत नाही. पण १६ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर चालणाऱ्या मायक्रोकंट्रोलरच्या दृष्टीने ५ मिलिसेकंद म्हणजे ८०,००० ठोके, आणि तेवढ्यात तो प्रत्येक उसळी स्वतंत्रपणे मोजून मोकळा होतो. इंटरप्ट (बटणाची स्थिती बदलताच चालू काम थांबवून तिकडे वळवणारी सोय) वापरला तर हा दोष वाढण्याचाच संभव अधिक. त्याऐवजी टायमरने दर ५ मिलिसेकंदांनी बटण पाहावे आणि ओळीने चार वेळा तीच स्थिती दिसली तरच ती खरी मानावी. बटण सोडतानाही पाती अशीच थरथरतात, म्हणून पुढची मोजणी सुरू करण्याआधी सुटण्यालाही हीच परीक्षा लावावी.