कॅलिफोर्नियातल्या बेल शहराचा पगारघोटाळा पत्रकारांनी नेमका कसा पकडला?

गुप्त खबऱ्यामुळे नाही, सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली पगाराची कागदपत्रं मागून. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’चे जेफ गॉटलीब आणि रुबेन विवेस शेजारच्या मेवूड शहराची बातमी करत होते, तेव्हा बेलच्या नगरसेवकांच्या मानधनाची चौकशी चालू असल्याचं त्यांना कळलं. कायद्यानुसार शहराला १० दिवसांत उत्तर देणं भाग होतं. कागद हातात आले तेव्हा जेमतेम ३५-३६ हजार वस्तीच्या या गरीब शहराचा व्यवस्थापक रॉबर्ट रिझो वर्षाला ७,८७,६३७ डॉलर घेत असल्याचं दिसलं. बातमी जुलै २०१० मध्ये छापून आली.

खरी मेख नगरसेवकांच्या मानधनात होती. अर्धवेळ काम, आणि वर्षाला लाखभर डॉलर! मूळ मानधन किरकोळ. बाकीची रक्कम वेगवेगळ्या मंडळांवरच्या सदस्यत्वाचा भत्ता म्हणून, आणि त्या मंडळांच्या बैठका काही मिनिटांत उरकायच्या किंवा व्हायच्याच नाहीत. म्हणून नुसता ‘पगार’ मागून भागत नाही. भत्ते, रजेचे पैसे, पेन्शनमधला वाटा, मंडळांची इतिवृत्तं आणि मूळ करारपत्र अशी वेगवेगळी मागणी करावी लागते. राज्याची मानधनमर्यादा टाळायला २००५ मध्ये शहराने मतदान घेऊन स्वतःची सनद, म्हणजे कारभाराची मूळ नियमावली, स्वीकारली होती. त्या मतदानाला चारशेही लोक आले नव्हते.

एक मात्र लक्षात घ्या: पहिल्या बातमीतला आकडा फक्त पगाराचा होता. लाभ धरून रिझोची एकूण कमाई १५ लाख डॉलरच्या घरात असल्याचं नंतर उघड झालं.